नेव्हिल डिसोझा : मेलबर्न गाजवणारा मुंबईचा सेंटर फॉरवर्ड

कूपरेजवरून जाणाऱ्या आपल्या मुलांना मेस्सी ठाऊक असतो, नेव्हिल डिसोझा नाही. आम्हाला याची खंत वाटते.

१९३२ साली जन्मलेले नेव्हिल मूळचे गोव्याचे, पण नाव कमावलं मुंबईत. टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांकडून ते खेळले. कॅल्टेक्सने १९५८ चा रोव्हर्स कप जिंकला.

त्याआधी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ ने हरवलं. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल यांचे! ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियावर पहिला गोलही त्यांनीच चढवला, पण सामना ४-१ ने गेला. भारत चौथा आला. स्पर्धेत सर्वाधिक चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होते.

१९८० मध्ये अवघ्या ४७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

गोव्याचा ख्रिस्ती खेळाडू, बंगालचे कप्तान समर बॅनर्जी, हैदराबादचे मुसलमान उस्ताद. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये भारत त्यांच्यापुढे आजवर गेलेला नाही. मुलांना हे जरूर सांगू या.