विश्लेषण : मातीच्या गावाकडे गावकऱ्यांनीच पाठ का फिरवली?

इजिप्तमधील लक्सरसमोर, नाईल नदीच्या पश्चिम तीरावर न्यू गुर्ना हे गाव आहे. वास्तुरचनाकार हसन फतही यांनी उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांनी ते उभारायला घेतले. स्थानिक माती, स्थानिक गवंडी आणि तिथल्या उन्हा-वाऱ्याला साजेशी रचना यांचा आदर्श म्हणून जगभरातील विद्यार्थी या गावाचा अभ्यास करतात. मात्र ज्यांच्यासाठी ते बांधले, त्यातील बहुतेक जण तेथे राहायला आलेच नाहीत.

हसन फतही कोण होते?

फतहींचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रियातील सधन जमीनदार कुटुंबात झाला. वडिलांना खेड्याचे वावडे होते, तर आईला बालपणीच्या गावाची ओढ. १९२६ मध्ये कैरोत वास्तुकलेची पदवी घेतल्यानंतर ते प्रथमच घरच्या शेतांवर गेले. तिथल्या शेतमजुरांची घरे पाहून ते हादरले. सिमेंट आणि लोखंड या माणसांच्या आवाक्याबाहेरचे होते. माती मात्र पायाखालीच होती आणि इजिप्तचा शेतकरी शतकानुशतके तिच्याच विटा पाडत होता.

छत मातीचे कसे करायचे?

भिंतींची अडचण नव्हती, खरा प्रश्न छताचा होता. इजिप्तमध्ये इमारती लाकूड कमी. त्यात दुसऱ्या महायुद्धामुळे लाकूड आणि लोखंडाची आयात आटली. फतहींनी मातीच्या विटांचे कमानदार छत करून पाहिले, पण ते कोसळले. आस्वान भागातील न्यूबियन लोक लाकडाच्या आधाराविना अशी छते बांधतात, हे त्यांना भावाकडून कळले. १९४१ मध्ये ते तिकडे गेले. न्यूबियन गवंडी मागच्या भिंतीला टेकवून विटांचा पहिला थर तिरका रचतात आणि पुढची प्रत्येक कमान आधीच्या कमानीवर रेलते. त्यामुळे सेंटरिंग लागत नाही. विटांत पेंढा जास्त असल्याने त्या हलक्या राहतात. लक्सरजवळच्या रामेसियम मंदिराची तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची धान्यकोठारे याच पद्धतीची आहेत. फतहींनी न्यूबियन गवंड्यांना कामावर घेतले.

न्यू गुर्ना का फसले?

जुन्या गुर्नातील सुमारे सात हजार लोक प्राचीन थडग्यांच्या परिसरातच राहत होते. पुराणवस्तूंची चोरी थांबवण्यासाठी त्यांना हलवायचे सरकारने ठरवले आणि पुराणवस्तू खात्याने नव्या गावाचे काम फतहींकडे सोपवले. १९४६ मध्ये ते सुरू झाले. एकसारख्या घरांच्या रांगा न लावता त्यांनी कुटुंबागणिक वेगळी, अंगणाची घरे आखली. मशीद, बाजार, शाळा आणि नाट्यगृहही उभारले. पण गावकऱ्यांचे पोट थडग्यांच्या परिसरावर, पर्यटकांवर आणि पुराणवस्तूंवर चालत होते. घुमट म्हणजे कबरीची खूण, असेही अनेकांना वाटत होते. बंधारा फोडून नव्या गावात पाणी सोडण्याचा प्रकारही घडला. काही वर्षांत काम थांबले, तेव्हा योजनेचा छोटा भागच पूर्ण झाला होता. फतहींनी सरकारी दिरंगाईला दोष दिला. नंतरच्या टीकाकारांनी मात्र मूळ मुद्द्यावर बोट ठेवले : घर कसे हवे हे गावकऱ्यांना विचारले गेले, गाव सोडायचे का, हे विचारलेच नव्हते.

मातीचे घर खरेच गार राहते का?

कैरोतील इमारत संशोधन केंद्रात १९६४ मध्ये झालेल्या चाचणीत मातीच्या विटांच्या खोलीतील तापमान दिवसभर २१ ते २३ अंश सेल्सिअस राहिले. तयार काँक्रीट फलकांच्या खोलीत ते ३६ अंशांपर्यंत चढले. जाड मातीची भिंत ऊन सावकाश आत सोडते. फतहींनी तिला अंगण, लाकडी जाळ्या आणि वरचा वारा घरात ओढणाऱ्या झरोक्यांची जोड दिली.

मान्यता कधी मिळाली?

मायदेशात कामे अडल्याने १९५७ मध्ये ते अथेन्सला गेले आणि काही वर्षांनी परतले. खार्गा मरूद्यानातील बारिस या गावाचे काम १९६७ च्या युद्धाने थांबवले. गुर्नाच्या अनुभवावरील त्यांचे पुस्तक १९७३ मध्ये शिकागोहून नव्याने निघाले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. १९८० मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार आणि आगाखान वास्तुकला पुरस्काराचा अध्यक्षीय सन्मान मिळाला. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी कैरोत त्यांचे निधन झाले.

आज काय उरले आहे?

जुने गुर्ना सरकारने २००६ पासून पाडायला घेतले आणि रहिवाशांना दुसरीकडे हलवले. न्यू गुर्नातील अनेक मूळ घरांच्या जागी काँक्रीटची घरे आली. मशीद मात्र उभी आहे. न्यूबियन कमानीचे तंत्र आता तमिळनाडूतील ऑरोव्हिलमध्येही शिकवले जाते. फतहींचे तंत्र टिकले. पण लोकांच्या संमतीविना केलेले स्थलांतर चांगल्या घरांनीही यशस्वी होत नाही, हा न्यू गुर्नाचा दुसरा धडा प्रत्येक पुनर्वसन योजनेला आजही लागू आहे.