भास्कराचार्य (दुसरे)

भास्कराचार्य (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. सातव्या शतकात याच नावाचे आणखी एक गणितज्ञ होऊन गेल्यामुळे त्यांना दुसरे भास्कराचार्य म्हणतात. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीलगतचे विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. ते चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

वयाच्या ३६व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला. त्याचे लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे चार भाग आहेत. लीलावती सर्वाधिक लोकप्रिय ठरली, तरी त्यांची खरी झेप ग्रहगणितात दिसते.

ग्रहगतीचा विचार

तत्कालीन पद्धतीत मध्यम ग्रह वर्तुळावर एकसमान गतीने फिरतो असे मानत. या वर्तुळाचा (प्रतिवृत्ताचा) मध्य पृथ्वीपासून बाजूला असल्याने ग्रह कधी मंद, कधी शीघ्र भासतो. वर्तुळावरील बिंदूचे स्थान भुजज्या व कोटिज्या यांनी सांगत. आजच्या भाषेत हे स्थानसदिशाचे दोन घटक होत. त्रिज्या ३४३८ कला धरून २२५ कलांच्या टप्प्यांनी ज्यांची कोष्टके केलेली असत आणि लगतच्या दोन ज्यांमधील फरक संपूर्ण टप्प्यात समप्रमाणात वाटला जाई. हा फरक क्षणोक्षणी बदलतो हे ओळखून भास्कराचार्यांनी तो कोटिज्येच्या प्रमाणात काढला : २२५ला कोटिज्येने गुणून ३४३८ने भागायचे. कोन ६० अंश असता कोटिज्या १७१९ व फरक ११२.५ येतो, ९० अंशांवर तो शून्य होतो. स्थानसदिशावरून वेग काढताना आजही हाच संबंध वापरला जातो.

चंद्र दिवसाला सुमारे १३ अंश सरकतो, म्हणून तिथी संपण्याची वेळ काढताना ही तात्कालिक गतीच घ्यावी, असे त्यांनी सांगितले. ग्रहाची स्पष्ट गती मध्यम गतीइतकी कोठे होते, याबाबत लल्लाचार्यांचे मतही त्यांनी खोडून काढले : दोन वर्तुळे छेदतात तेथे नव्हे, तर पृथ्वीतून जाणारी आडवी रेषा प्रतिवृत्ताला मिळते तेथे. तेथे मंदफल महत्तम असल्याने त्यातील बदल शून्य असतो.

कोटिज्येचा नियम मुंजाल यांना आधीच ठाऊक होता, आणि सीमेची संकल्पना भास्कराचार्यांकडे नव्हती. त्यामुळे त्यांना कलनशास्त्राचे जनक म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते.

उत्तरायुष्य व वारसा

इ.स. ११८३ हे आरंभवर्ष धरून त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाचा आश्रय लाभला. नातू चांगदेव सिंघण यादवाचे ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी मठ स्थापला. इ.स. १२०७च्या पाटण येथील शिलालेखात त्याची नोंद असून, तो लेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला.