मादाम द्यु कुद्रे

आंजेलिक मार्गरीत ल बुर्सिये द्यु कुद्रे (जन्म: इ.स. १७१२ च्या सुमारास. मृत्यू: १७ एप्रिल, इ.स. १७९४, बोर्दो) या फ्रान्समधील प्रसिद्ध सुईण व प्रसूतिविद्येच्या शिक्षिका होत्या. प्रसूतीच्या सरावासाठी त्यांनी स्त्रीदेहाची प्रतिकृती घडवली. परिचारिकांना रुग्णाच्या प्रतिकृतीवर शिकवण्याच्या आजच्या पद्धतीचा हा एक आरंभीचा प्रयोग मानला जातो.

पार्श्वभूमी
इ.स. १७४० मध्ये पॅरिस येथे त्यांना सुईणीचा अधिकृत परवाना मिळाला. पुढे त्या ओव्हेर्न्य प्रांतात गेल्या. तेथील खेड्यांत बाळंतपणे बहुधा निरक्षर स्त्रिया करीत. बाई अडली की मूल ओढून काढण्याच्या घाईत माता दगावत, मुले मरत किंवा जन्मभर अपंग होत. या स्त्रियांना केवळ पुस्तकावरून शिकवणे शक्य नव्हते आणि अडलेल्या बाईवर सराव करणे जिवावरचे होते.

यंत्र
यावर उपाय म्हणून त्यांनी कापड, कातडे व भरणाचे साहित्य वापरून स्त्रीच्या कमरेखालील भागाची पूर्णाकृती तयार केली. तिला त्या ‘यंत्र’ म्हणत. सोबत अर्भकाची बाहुली, नाळ व वार असे. दोऱ्या आवळून-सैल करून प्रसूतिमार्गाचा ताण दाखवता येई. पायाळू मुलाचे डोके सोडवण्याचा सराव व्हावा म्हणून बाहुलीच्या तोंडात बोट जाण्याची सोय केलेली होती. विद्यार्थिनी मूल आडवे, पायाळू अशा निरनिराळ्या स्थितींत ठेवून तीच कृती हाताला वळण लागेपर्यंत करीत. येथे झालेल्या चुकीने कोणाचा जीव जात नसे.

कार्य
देशाची लोकसंख्या घटत असल्याची चिंता तेव्हा फ्रेंच शासनाला होती. इ.स. १७५९ मध्ये राजा पंधरावा लुई याने त्यांना देशभर शिकवण्याची सनद दिली. त्याच वर्षी त्यांचे प्रसूतिविद्येवरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी गावोगावी फिरून वर्ग घेतले. ४० हून अधिक गावांत त्यांनी सुमारे ४,००० विद्यार्थिनी घडवल्या, असा अंदाज आहे. शल्यचिकित्सकांनाही त्यांनी यंत्राचा वापर शिकवला, त्यामुळे त्या पुढच्या गावी गेल्यावरही मागे अध्यापन चालू राही.

वारसा
त्यांच्या यंत्राचा एक नमुना रूआं येथील वैद्यक-इतिहासाच्या संग्रहालयात जतन केलेला आहे. क्ष-किरण तपासणीत त्याच्या आत खऱ्या मानवी कटीची हाडे आढळली.