भास्कराचार्य आणि वस्तूंचें वजन

वाण्याच्या दुकानीं साखर तोलतांना तुम्हीं पुष्कळदां पाहिली असेल. परंतु जड वस्तु खालींच कां येते, हा प्रश्न त्या वेळीं किती जणांस पडतो? भास्कराचार्यांस तो पावणेनऊशें वर्षांपूर्वीं पडला होता.

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. सह्याद्रीच्या आश्रयास वसलेलें विज्जडविड हें त्यांचें गांव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरु. वयाच्या ३६ व्या वर्षीं, ११५० सालीं, त्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. सुप्रसिद्ध 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. आपल्या विषयाचें मर्म मात्र 'गोलाध्याया'त आहे.

पृथ्वी कोणाच्या तरी आधारावर टेकली आहे, अशी समजूत तेव्हां रूढ होती. आचार्यांचा आक्षेप असा कीं, पृथ्वीला आधार लागतो तर त्या आधारासही दुसरा लागेल. मग याचा शेवट कोठें? शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीनें राहतो असें मानावयाचें, तर पृथ्वीच तशी राहते असें प्रथमच कां मानूं नये? पृथ्वीच्या ठायीं आकर्षणशक्ति आहे. तिच्या योगें ती आकाशांतील जड वस्तु आपणांकडे ओढते, आणि आपणांस ती वस्तु पडतांना दिसते. रूढ समजुतीविरुद्ध इतकें स्पष्ट लिहावयास केवढें धैर्य लागलें असेल!

तथापि नसतें श्रेय त्यांच्या पदरीं बांधूं नये. ही ओढ किती, याचें गणित न्यूटननें १६८७ सालीं मांडलें, आणि वस्तूंतील द्रव्य निराळें व तिचें वजन निराळें, हा भेदही त्यानेंच स्पष्ट केला. एक किलो साखरेचें वस्तुमान मुलुंडास, उत्तर ध्रुवावर किंवा चंद्रावर तेंच. वजन म्हणजे ओढ, ती मात्र चंद्रावर सुमारें सहावा हिस्सा. तराजूच्या दोन्ही पारड्यांवरील ओढ एकदमच कमीजास्त होते, म्हणून तो कोठेंही तोच निकाल देतो. स्प्रिंगचा ताणकांटा तसा नव्हे: मुंबईस १००० ग्रॅम दाखविणारा कांटा ध्रुवावर त्याच साखरेचे सुमारें ५ ग्रॅम अधिक दाखवील. (वाण्यास हें न सांगितलेलेंच बरें!)

६९ व्या वर्षीं आचार्यांनीं 'करणकुतूहल' लिहिलें. पुढें त्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. त्या मठाचा शिलालेख तेथील देवळांत शतकानुशतकें होता. १९ व्या शतकांत मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो उजेडांत आणिला. त्यांत या घराण्याच्या अनेक पिढ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत.