कैद्यांचे प्रेषित धन्यवादित फादर लातास्त



तुरुंगातून सुटलेल्या माणसाची सरकारी शिक्षा संपते, पण गावाची सुरू होते. फ्रान्समधील डॉमिनिकन धर्मगुरू फादर जाँ-जोसेफ लातास्त ह्यांनी हे दुःख ओळखले.

त्यांचा जन्म १८३२ साली कादियाक येथे झाला. ह्याच गावच्या जुन्या वाड्यात स्त्रियांचा तुरुंग होता. करखात्यातील नोकरी सोडून ते १८५७ साली संघात दाखल झाले आणि १८६३ साली धर्मगुरू झाले. सप्टेंबर १८६४ मध्ये वरिष्ठांनी त्यांना त्याच तुरुंगात ध्यानसाधनेसाठी पाठवले. समोर सुमारे चारशे स्त्रिया होत्या. कुणी चोरी केलेली, कुणी पोटचे मूल मारलेले. जड मनाने आत गेलेल्या फादरांनी त्यांना बहिणी म्हणून हाक मारली. प्रायश्चित्त संस्कारासाठी स्त्रियांची रीघ लागली.

पण सुटल्यावर ह्या जाणार कुठे? घरचे दार बंद, काम कुणी देत नाही, मग जुनीच संगत उरते. पश्चात्तापी स्त्रियांसाठी आश्रम होते, पण तिथे त्या आयुष्यभर पश्चात्तापीच राहत. भगिनी वेगळ्या, त्या वेगळ्या. (दयेतही आपण पायऱ्या करतो!) पवित्र साक्रामेंतासमोर आराधना करताना फादरांना मार्ग सुचला. एकच मठ असावा, त्यात सुटून आलेल्या आणि निष्कलंक पूर्वायुष्य असलेल्या स्त्रिया एकत्र राहाव्यात. कोण कुठून आली हे कुणी विचारू नये, कुणी सांगू नये. तत्त्वज्ञानात आम्ही कृती आणि कर्ता ह्यांतला भेद शिकतो. तो घरात उतरवणे फार अवघड.

विरोध झाला, तोही स्वतःच्या संघातून. संघाची वस्त्रे अशा स्त्रियांना द्यायची, हे अनेकांना रुचेना. तरीही १४ ऑगस्ट १८६६ रोजी फ्रान-ल-शातो येथे मदर आंरी-दोमिनिक ह्यांच्या साथीने बेथानीच्या डॉमिनिकन भगिनींचा संघ सुरू झाला. मरिया माग्दालेना ही फादरांची आवडती संत. त्या काळी ती आणि बेथानीची मरिया एकच मानत, म्हणून हे नाव. आज अभ्यासक त्यांना वेगळ्या मानतात.

फादरांना पुढे जेमतेम अडीच वर्षे मिळाली. १० मार्च १८६९ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते देवाघरी गेले. ३ जून २०१२ रोजी बेझांसों येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. बेथानीत आजही नव्या भगिनीला तिचा भूतकाळ विचारत नाहीत.

आपल्या धर्मग्रामातल्या एखाद्या घरी कुणी असा परत आला असेल, तर मिस्सेनंतर त्याच्याशी दोन शब्द बोला. विषय पावसाचा असला तरी चालेल.