श्रीनिळोबारायांची धीराची उपासना

श्रीपांडुरंगाच्या कृपेने व संतांच्या आज्ञेने या महिन्याच्या सेवेस आम्ही पिंपळनेरनिवासी श्रीनिळोबारायांचे चरित्र घेतले आहे. वारकरी मंडळींना हे नाव नवे नाही. ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ, तुकोबा या ज्या महात्म्यांचे अभंग आपण कीर्तनाला घेतो, त्या मालिकेतील शेवटचे नाव निळोबारायांचे होय. पण अभंग जितके तोंडी आहेत, तितके चरित्र कानी पडत नाही. आणि त्या चरित्रातील एक प्रसंग तर असा आहे की, ज्याची गरज आज घरोघर आहे.

शिरूर आणि दौंड या बाजूला कीर्तनासाठी आमचे वरचेवर जाणे होते. हा मुलूख पर्जन्यछायेतला. कालवा पोचला तेथे ऊस उभा आहे. पण जेथे पाटाचे पाणी नाही, तेथला जिरायत शेतकरी अजून आभाळाकडेच बघतो. कीर्तन उरकले, आरती झाली, म्हणजे बायाबापड्या पाया पडायला येतात आणि हळूच विचारतात की, महाराज, इतकी वर्षे माळ गळ्यात आहे, एकादशी मोडली नाही, मग देव ऐकतो कुठे? कुणाला लेकराची आस, कुणाचा मुलगा रुसून गेलेला, कुणाचे दुखणे हटत नाही. अशा माणसाला नुसता शास्त्रार्थ सांगून भागत नाही, बरं का. त्याच्याच मातीतला माणूस त्याच्यापुढे उभा करावा लागतो. तो माणूस म्हणजे निळोबाराय.

परंपरा सांगते ती अशी. घोडनदीकाठच्या शिरूरचे हे घराणे. वडील मुकुंदपंत, आई राधाबाई. घरी कुळकर्णीपण, म्हणजे गावचे दप्तर सांभाळण्याचे वतन; आणि घरची उपासना शिवाची. शिरूरजवळच्या रामलिंगाची पूजा निळोबांनी नेमाने चालवली होती. एकदा पूजेच्या वेळीच सरकारी बोलावणे आले. पूजा सोडवेना, आणि उशीर झाला म्हणून अंमलदाराचा रोष सोसावा लागला, असे सांगतात. तेव्हा त्यांच्या मनाने निश्चय केला की, ज्या चाकरीने देवाची वेळ मोडते ती चाकरी आपल्याला नको. लेखणी आणि दप्तर त्यांनी खाली ठेवले. पत्नी मैनाबाई यांनी ते दारिद्र्य मुकाट्याने पत्करले. पुढे पारनेर तालुक्यातील पिंपळनेर हेच त्यांचे गाव झाले. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यात मोडते.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. पंढरीची वाट धरलेल्या निळोबांच्या कानी तुकोबारायांची कीर्ति पडली. देहूस त्यांना ती सांगितली ती तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी, असे मानतात. सज्जनहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. तुकोबांचे प्रयाण इ. स. १६५० मधले. नारायणबाबा त्या वेळी मातेच्या उदरात होते. म्हणजे सांगणाऱ्याने आपला पिता डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि ऐकणाऱ्याने आपला गुरु पाहिलेला नाही! पण न पाहिलेल्या पित्याच्या पादुका पालखीत ठेवून त्याच नारायणबाबांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. आजही आषाढात ती पालखी यवत, वरवंड, पाटस करीत रोटीचा घाट चढते, तेव्हा दौंड तालुका टाळ-मृदंगाने दुमदुमून जातो. आणि न पाहिलेल्या गुरूसाठी निळोबांनी देह पणाला लावला.

कुणी म्हणेल की, स्वप्नात किंवा दृष्टांतात उपदेश होणे आपल्या संप्रदायाला नवे नाही. खरे आहे. खुद्द तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नात झाला. बहिणाबाईंवर तुकोबांची कृपा स्वप्नातच झाली. पण त्या वेळी तुकोबा देहाने या भूमीवर होते आणि पुढे बहिणाबाईंनी देहूस जाऊन त्यांचे दर्शनही घेतले. निळोबांच्या वाट्याला तीही सोय नव्हती. देहूस जावे तर तुकोबा तेथे नाहीत. वाट पाहायची ती कुठवर, याला काही मोजमापच नव्हते.

तरी निळोबा बसले. अन्नपाणी टाकले, मुखी नाम आणि मनी एकच तळमळ की, तुकोबांनी येऊन कृपा करावी. दिवसांमागून दिवस गेले. गीर्वाण भाषेत उपासना या शब्दाचा अर्थच मुळी जवळ बसणे असा आहे, आणि उपवास म्हणजे जवळ राहणे. ताटापासून दूर राहणे हे त्याचे वरचे रूप. देवाजवळ राहणे हे आतले. प्रतीक्षा म्हणजे एखाद्याकडे डोळा लावून राहणे. डोळा लावलेला माणूस रिकामा बसलेला नसतो. कासवी दुरून नजरेनेच पिलांना पोसते म्हणतात ना, तसे येथे पिलूच आईकडे नजर लावून होते.

आणि मग प्रत्यक्ष पांडुरंग आले. योगी ज्याच्यासाठी जन्म घालवतात तो दारी उभा राहिला. निळोबांनी काय करावे? कुणीही पाय धरले असते. पण ते नम्रपणे म्हणाले की, देवा, आम्ही तुम्हांस बोलावले नव्हते. आमची हाक तुकोबांना होती. अहो, केवढे हे धाडस! पण त्यात उद्धटपणा नव्हे, निष्ठा आहे. देव ओळखावा तो गुरूने दाखवला म्हणजे, ही त्यांची खूणगाठ होती. लांब वाट पाहून थकलेल्या जिवापुढे दुसरे काही आले की तो चटकन ते घेऊन उठतो. मग ते दुसरे लहान असो की थोर. निळोबा उठले नाहीत. आणि देवही रागावला नाही. कसा रागावेल? पुंडलिकाने आईबापांची सेवा आटोपेपर्यंत थांब म्हटले, म्हणून जो आजवर विटेवर उभा आहे, त्याला वाट पाहणाऱ्याचे मोल ठाऊक आहे. मग तुकोबारायांनी दर्शन देऊन निळोबांच्या मस्तकी हात ठेवला.

त्या हाताचे फळ आपण आजवर खात आहोत. निळोबांची वाणी फुलली. त्यांचा गाथा झाला, चांगदेवचरित्र झाले. त्यांच्यापासून शिऊरचे शंकरस्वामी आणि शंकरस्वामींपासून मल्लाप्पा वासकर अशी परंपरा वाहत आली आणि वासकरांचा फड उभा राहिला. अठराव्या शतकात पिंपळनेरी त्यांनी देह ठेवला. तेथे त्यांची समाधी आहे, आणि त्यांचीही पालखी पंढरीस जाते.

आता त्या बायाबापड्यांचा प्रश्न. आम्ही असे मुळीच सांगत नाही की, धरणे धरले म्हणजे पाऊस पडेल, किंवा गेलेला मुलगा अमुक दिवशी येईल. देवाशी असा करार होत नाही. आणि करार केला की तो मोडला म्हणून भांडण आलेच. निळोबांसारखे अन्न टाकून बसण्याच्या भरीसही कुणी पडू नये. तो अधिकार वेगळा. दुखण्याला औषध घ्यावे, बांधबंदिस्ती करून पडेल ते पाणी शेतात अडवावे, रुसलेल्याला पुन्हा एकदा निरोप धाडावा. हे सारे करूनही जे आपल्या हाती उरत नाही, तेथे नाम घेत देवाजवळ बसून राहावे. मागितलेले उशिरा मिळेल, वेगळ्या रूपाने मिळेल, कदाचित मिळणारही नाही. पण जो जवळ बसला तो एकटा राहिला नाही, एवढे मात्र निश्चित. निळोबांचे बसणे व्यर्थ गेले नाही, ते तुकोबा आले म्हणूनच नव्हे. तुकोबा येण्याआधीही ते दिवस नामातच गेले होते.

शिरूरवरून वाहणारी घोडनदी वाटेत धरणाला अडते, पुढे भीमेला मिळते. भीमा दौंडावरून जाते, उजनीत पुन्हा थांबते, आणि मग पंढरीत चंद्रभागा होते. आषाढीला त्या वाळवंटात उभे राहाल, तेव्हा या शिरूरकर संताचे स्मरण करावे, आणि घरी कुणी वाट पाहत थकले असेल तर त्याला हे चरित्र वाचून दाखवावे, एवढीच आमची विनंती. रामकृष्णहरि.