मूठभर धान्याची बरकत : कर्मवीर भाऊराव पाटील



रमजानचा महिना आला की मशिदीच्या दारात पावतीपुस्तके घेऊन उभे राहिलेले लोक आपण दरवर्षी पाहता. कोणी मदरशाच्या खोल्यांसाठी मागतो, कोणी अनाथ मुलांच्या जेवणासाठी, तर कोणी मुलींच्या शाळेसाठी. आपण यथाशक्ती देता, पावती घेता आणि घरी जाता. पुढचा रमजान येईपर्यंत त्या संस्थेची आणि आपली पुन्हा गाठ पडत नाही.

मीही त्या रांगेत उभा राहिलो आहे. एका वर्षी नगरच्या कांदा बाजारात हमाली करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या हाती दहा रुपये ठेवले आणि गेल्या वर्षीच्या पैशांतून काय झाले, असे सहज विचारले. त्यांच्या विचारण्यात संशय नव्हता, आपुलकी होती. मला मात्र उत्तर देता आले नाही. माझ्याकडे पावतीपुस्तक होते, हिशेब नव्हता. आणि तो मागून घ्यावा, हे मलाही कधी सुचले नव्हते.

लोकांच्या पैशावर संस्था कशी उभी राहते आणि कशी टिकते, या प्रश्नाने मी त्यानंतर अस्वस्थ झालो. तेव्हा ज्या चरित्राने मला सर्वाधिक शिकवले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे जन्माने जैन. इस्लामच्या मासिकात त्यांचे चरित्र कशासाठी, असे कोणास वाटल्यास त्याने हिल्फुल फुजूल आठवावा. पीडितांना न्याय मिळवून देण्यासाठी मक्केत झालेल्या त्या करारात प्रेषित मुहम्मद (स.) तरुणपणी सहभागी झाले होते आणि प्रेषितत्व लाभल्यानंतरही त्यांनी त्याचा गौरवच केला. भलाई जिथे दिसेल तिथून ती उचलावी, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे.

शेतकऱ्याच्या दारातले शिक्षण

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वसतिगृहासाठी बांधलेल्या इमारतीच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांचा सहवास त्यांना लाभला आणि महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराने त्यांच्या मनाची दिशा पक्की झाली. औपचारिक शिक्षण मात्र मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले.

पुढे त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून काम केले. लाकडी नांगराची सवय असलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर घ्यायला लावणे सोपे नव्हते. त्यासाठी बांधावर बसावे लागे, त्याची अडचण ऐकावी लागे, पीक हाती येण्याची वेळ ओळखावी लागे. भाऊरावांनी गावेच्या गावे पालथी घातली. पुढे ज्या दारांत ते शिक्षणासाठी मागायला गेले, त्या दारांची ओळख त्यांना या फिरतीतच झाली. मागणाऱ्याने आधी देणाऱ्याचे घर ओळखले पाहिजे, हा धडा त्यांना कोणत्याही पुस्तकाने दिला नव्हता.

याच काळातला दुसरा धडा कडू होता. एका कारखान्याच्या उभारणीसाठी त्यांनी अपार कष्ट केले, कारण त्या उत्पन्नातील काही वाटा शिक्षणाला देण्याचे आश्वासन त्यांना मिळाले होते. ते पाळले गेले नाही. भाऊराव संतापले, मनातून खचलेही. परंतु यापुढे गरिबांच्या मुलांचे शिक्षण एका धनिकाच्या शब्दावर टांगून ठेवायचे नाही, हे त्यांना उमगले.

रयत या शब्दाचा अर्थ

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत हा मूळचा अरबी शब्द, हे आपणांस ठाऊक असेलच. एका सुप्रसिद्ध हदीसनुसार आपल्यातील प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या रयतेविषयी विचारणा होणार आहे. संस्थेचे नाव ठेवताना ही हदीस भाऊरावांसमोर असेल, असे मी म्हणत नाही. पण त्यांनी हा शब्द ज्या जबाबदारीने पेलला, ती मात्र त्या हदीसमधील जबाबदारीशी मिळतीजुळती आहे.

1924 मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्याला आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. एका पंक्तीत जेवणारी ही मुले बहुतेक अशा घरांतली होती, जिथून फी येण्याचा प्रश्नच नव्हता. मग इतक्या मुलांना दोन वेळ जेवू कोण घालणार?

भाऊरावांचे उत्तर होते मुष्टिफंड. घरातील बाईने दळणाला किंवा स्वयंपाकाला धान्य काढताना त्यातली एक मूठ बाजूला ठेवायची. आठवड्याने वसतिगृहाच्या वतीने कोणी येईल, त्याच्या झोळीत ती टाकायची. एका मुठीने कोणत्याही घराची चूल विझत नाही, पण शेकडो घरांच्या मुठी जमल्या की वसतिगृहाची चूल पेटते. ज्याच्याकडे धान्य नाही त्याने सरपण द्यावे, भाजी द्यावी, जमिनीचा तुकडा द्यावा, तेही नसेल तर एक दिवस श्रम द्यावेत. मुलेही फुकट शिकत नव्हती. शेतात राबत, विहिरी खोदत, इमारतीचे दगड वाहत. कमवा आणि शिका ही योजना यातूनच आकाराला आली.

वाचकहो, येथे तबूकच्या मोहिमेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. हिजरी 9 मध्ये प्रेषितांनी (स.) सदक्याचे आवाहन केले. ह. अबू बक्र (रजि.) यांनी घरातील सर्वस्व आणले, ह. उमर (रजि.) यांनी निम्मे, ह. उस्मान (रजि.) यांनी सैन्यासाठी विपुल संपत्ती दिली. त्याच वेळी अबू अकील (रजि.) नावाचे एक मजूर सहाबी कष्टाने मिळवलेल्या खजुरांतले थोडे खजूर घेऊन आले. ढोंगी लोक त्यांना हसले. सूरह तौबामध्ये अल्लाहने त्या हसणाऱ्यांचा धिक्कार केला आणि कष्टातून देणाऱ्याचा मान राखला. मोठी देणगी आणि लहान देणगी यांना अल्लाहच्या दरबारात वेगवेगळी दारे नाहीत.

आधी स्वतःचे, मग दुसऱ्याचे

तरीही एक प्रश्न उरतो. लोकांनी भाऊरावांवर विश्वास का ठेवला? त्याचे उत्तर त्यांच्या घरात आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई संपन्न घरातून आल्या होत्या. वसतिगृहातील मुलांना त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले आणि अंगावरचे दागिने एकामागून एक मोडले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना धान्य संपले, तेव्हा त्यांनी आपले मंगळसूत्रही गहाण टाकून मुलांना जेवू घातले, अशी आठवण आजही सांगितली जाते. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले. ह. खदीजा (रजि.) यांनी आपली संपत्ती कोणत्या कार्यात वेचली, हे जाणणाऱ्या आपल्या भगिनींना लक्ष्मीबाईंची थोरवी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

भाऊराव स्वतः अनवाणी चालत, खादी वापरत, खांद्यावर घोंगडी घेत. लोकांकडून घेतलेला पैसा या माणसाच्या अंगावर कोठेही दिसत नाही, हे खेडुताला डोळ्यांनी दिसत होते.

एका धनिकाने महाविद्यालयाचे नाव बदलून आपल्या इच्छेचे नाव द्यावे, या अटीवर मोठी रक्कम देऊ केली, असे सांगतात. त्या महाविद्यालयाला शिवाजी महाराजांचे नाव होते. भाऊरावांनी ती रक्कम नाकारली. याचा अर्थ त्यांना देणाऱ्यांची कदर नव्हती असा नव्हे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी संस्थेला साहाय्य केले होते आणि 1940 मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या हायस्कूलला भाऊरावांनी त्यांचेच नाव दिले. अध्यापकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाला त्यांनी मौलाना आझाद यांचे नाव दिले. आपल्या नगरच्या किल्ल्यात कारावास भोगलेले तेच मौलाना. नाव देणे ही कृतज्ञता असू शकते, किंमत असू शकत नाही. सूरह बकरामध्ये उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून आपला सदका वाया घालवू नका, असा आदेश आहे. देणाऱ्यासाठी तो इशारा आहे. आणि असा सदका स्वीकारून संस्थेची मान वाकवणाऱ्यासाठीही आहे.

अनुदान थांबले तेव्हा

1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. याच सुमारास तत्कालीन मुंबई सरकारशी त्यांचे मतभेद झाले आणि संस्थेचे अनुदान थांबवण्यात आले. केवळ अनुदानावर उभी असलेली संस्था अशा वेळी कोसळली असती. भाऊराव पुन्हा लोकांकडे गेले. ज्यांनी मुठी दिल्या होत्या त्यांनी याही वेळी हात आखडता घेतला नाही. गाडगे महाराजांनी सरकारकडे रदबदली केली आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले. नंतर कराडच्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले.

आपल्या इतिहासातही हाच विचार आहे. 1866 मध्ये देवबंदचा मदरसा सुरू झाला, तेव्हा हाजी आबिद हुसैन (रह.) यांनी आधी स्वतःची रक्कम रुमालात टाकली आणि मग तोच रुमाल घेऊन ते लोकांकडे गेले. मौलाना कासिम नानौतवी (रह.) यांनी त्या मदरशासाठी जी आठ तत्त्वे घालून दिली, त्यांत सरकार आणि श्रीमंत यांच्या आधारापेक्षा नावलौकिकाची अपेक्षा न ठेवणाऱ्या सामान्य माणसाच्या चंद्यात अधिक बरकत मानली आहे. देवबंद आणि सातारा यांमध्ये अंतर पुष्कळ. वाट मात्र एकच.

9 मे 1959 रोजी भाऊरावांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला होता आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली होती. त्यांच्या पश्चात रयतेचा वटवृक्ष आपल्या जिल्ह्यातही विस्तारला. श्रीरामपूरचे महाविद्यालय रावबहादूर नारायणराव बोरावके यांच्या नावाने, कोपरगावचे सद्गुरू गंगागीर महाराजांच्या नावाने, तर कर्जतचे दादा पाटील यांच्या नावाने उभे आहे. त्यांची कवाडे आपल्या मुलामुलींसाठीही उघडी आहेत. संस्थेने ज्यांना वाढवले, ते पुढे तिचे आधार झाले. वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले आणि संस्थेच्याच सेवेत राहिले. काल घेणारा आज देणारा झाला, हीच देणगीदार घडवण्याची खरी रीत होय.

आपल्यासाठी

वाचकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? प्रथम, दान वर्षातून एकदा नव्हे, सतत करावे. थोडे असले तरी नियमित असलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही हदीस आपण जाणतो. घरात एक डबा ठेवा; मुलांच्या हातून त्यात रोज काहीतरी टाका. आपल्याकडे कित्येक प्रांतांत मदरशांसाठी चिमूटभर पीठ बाजूला काढण्याची चाल होतीच. ती पुन्हा सुरू करण्यात कमीपणा नाही.

दुसरे, संस्थाचालकांनी जकात आणि इतर दान यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. जकात तिच्या हकदारांपर्यंतच पोचली पाहिजे. इमारतीच्या भिंतींसाठी ती नाही. इब्नुल लुतबिय्या यांना जकात गोळा करण्यासाठी पाठवले गेले होते. परतल्यावर एवढा भाग वसुलीचा आणि एवढा मला मिळालेल्या भेटीचा, असे त्यांनी सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून सर्वांसमक्ष जाब विचारला, की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे, सुन्नत आहे.

तिसरे, देणाऱ्याने विचारावे आणि घेणाऱ्याने विचारण्याआधी सांगावे. मशिदीच्या फलकावर जमा आणि खर्चाचा एक कागद लावायला फार कष्ट पडत नाहीत. आपण विचारत नाही म्हणून कित्येक चांगल्या संस्था हळूहळू मुक्या होतात आणि मग लोक त्यांना विसरतात. अशा वेळी शाळा सोडून घरी बसावे लागते, ते आपल्याच वस्तीतील एखाद्या मुलीला.

पुढच्या रमजानला मी हिशेब हाती आल्यावाचून पावतीपुस्तक घेतले नाही. हिशेब उर्दूत होता आणि त्या वृद्ध हमालांना उर्दू वाचता येत नव्हते, म्हणून मी तो त्यांना बाजाराच्या कट्ट्यावर बसून मराठीत वाचून दाखवला. किती मुले, किती धान्य, किती पुस्तके. त्यांनी सर्व शांतपणे ऐकले आणि पुन्हा दहाच रुपये दिले. त्यानंतर मात्र ते दर महिन्याला देऊ लागले.

एका दाण्यातून सात कणसे आणि प्रत्येक कणसात शंभर दाणे, अशी उपमा अल्लाहने आपल्या मार्गात खर्च करणाऱ्यांसाठी दिली आहे. आपल्या मुठीतील दाणा जमिनीत पडो, त्याची राखण करणारे हात प्रामाणिक असोत आणि त्याचे पीक आपल्या मुलांच्या वाट्याला येवो. आमीन.